तळघरातले शिस्तशीर बंड

मुलगी सतार शिकली असती, तर तिच्या कार्यक्रमाला मला झब्बा घालून पहिल्या रांगेत बसता आले असते. ती हार्डकोर पंक, म्हणजे रॉक संगीताचा वेगवान, आरडाओरड्याचा, बंडखोर प्रकार वाजवणाऱ्या बँडमध्ये बास गिटार वाजवते, त्यामुळे वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या तळघरात कानांत बोळे घालून, खांबाला पाठ लावून उभे राहणे माझ्या नशिबी आले. सौभाग्यवतींनी ऐनवेळी उपास काढला. ‘‘बाबा, चष्म्याला दोरी लाव आणि ऑफिसचे बूट घालू नकोस,’’ एवढीच सूचना मुलीने दिली होती.

या शहरात चर्च आणि पंक यांचा घरोबा जुना आहे. दारूच्या क्लबांत वयाची अट आडवी येते, म्हणून इथल्या पोरांनी १९८० च्या दशकातच चर्चचे हॉल आणि घरांची तळघरे गाठली. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘पॉझिटिव्ह फोर्स’ या कार्यकर्त्यांच्या गटाने अशाच कार्यक्रमांतून समाजकार्यासाठी पैसा उभा केला. दाराशी पुठ्ठा टांगला होता: १० डॉलर द्यावेत, नसतील तर जमेल ते द्यावे, पैशांवाचून कोणालाही परत पाठवले जाणार नाही. मी २० डॉलरची नोट दिली आणि सवयीने पावती मागितली. टेबलाशी बसलेल्या मुलीने क्षणभर विचार केला आणि काळ्या मार्करने माझ्या हाताच्या पाठीवर भलीमोठी फुली मारली.

या फुलीला इतिहास आहे. १९८० साली ‘टीन आयडल्स’ हा इथला बँड सॅन फ्रान्सिस्कोला वाजवायला गेला, तेव्हा त्यातल्या अल्पवयीन पोरांना कोणी दारू देऊ नये म्हणून क्लबने त्यांच्या हातांवर फुल्या मारल्या. पोरांनी ती युक्ती वॉशिंग्टनला आणली आणि पुढे तीच फुली दारू, सिगारेट व अमली पदार्थ यांना नकार देणाऱ्या ‘स्ट्रेट एज’ मंडळींची खूण झाली. १९८१ साली ‘मायनर थ्रेट’ या बँडने ‘स्ट्रेट एज’ याच नावाचे गाणे काढले, ते ४६ सेकंदांत संपते. आमच्या घराण्यात ही चळवळ पणजोबांपासून चालत आली आहे. तिला कोणी चाल लावली नव्हती, इतकेच. आजीला तर चहासुद्धा व्यसन वाटत असे. कोपऱ्यातल्या पातेल्यात सर्वांसाठी फुकट आमटीभात होता आणि मानेवर कवटी गोंदवलेल्या एका तरुणाने, आयुष्यभर वाढणाऱ्याकडे तूप मागत आलेल्या मला, त्यात तुपाचा थेंबही नसल्याची गंभीरपणे ग्वाही दिली.

कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू झाला, हा मराठी माणसाला बसलेला पहिला धक्का. पहिला ठोका कानांना नव्हे, बरगड्यांना ऐकू आला. गायक प्रत्येक गाण्याआधी त्याचा विषय नीट समजावून सांगत होता. कधी घरभाड्याची वाढ, कधी पोलिसांची दडपशाही. हे निरूपण गाण्यापेक्षा लांब चाले. निरूपणातला शब्दन् शब्द मला कळला, गाण्यातला एकही नाही.

बँडसमोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे पिटमध्ये, पोरे एकमेकांवर आदळत होती, हातपाय झाडत गोल फिरत होती. पोलिसांना बोलवावे असा विचार माझ्या मनात येतो न येतो तोच एक धिप्पाड मुलगा आडवा झाला, आणि ज्यांनी त्याला पाडले त्याच पाचसहा हातांनी त्याला उचलून, कपडे झटकून पुन्हा आदळण्यासाठी उभे केले. मग कोणीतरी एक चष्मा उंच धरला. गाणे थांबले, मालक सापडला, गाणे सुरू झाले. त्या मालकाने नंतर माझ्या चष्म्याची दोरी आदराने न्याहाळली आणि ती कुठे मिळते असे विचारले. इथल्याच ‘फुगाझी’ बँडची ख्याती अशी, की दांडगाई करणाऱ्याला ते गाणे थांबवून समजावत आणि तरीही ऐकले नाही, तर तिकिटाचे ५ डॉलर परत करून बाहेर काढत. बंडखोरांचा एवढा कडक कारभार पाहून मला माझ्या मुख्याध्यापकांची आठवण आली. तेही ओरडत असत, मात्र पैसे परत देत नसत.

मुलीच्या बँडने पंधरावीस मिनिटांत दहाबारा गाणी संपवली. टाळ्या वाजवाव्यात तर गाणे संपले की थांबले, हे ठरवेपर्यंत पुढचे सुरू होई. मुलीच्या आजीला पाठवण्यासाठी मी ते मोबाइलवर टिपले. पुण्याहून ‘‘आवाज नीट येत नाही, खरखर आहे,’’ असे उत्तर आले.

खरी परीक्षा नंतर होती. इथे हमाल नसतात, आपले सामान आपणच वाहायचे असते. आठ स्पीकरांची, ६० किलोंची, कपाटाएवढी पेटी जिन्यावरून चढवताना मागचा भाग माझ्याकडे आला. ती व्हॅनमध्ये घालून परत येतो तो कोणीतरी हातात झाडू दिला, कारण हॉल होता तसा सोपवायचा होता. पलीकडे दारावरची मुलगी नोटा मोजत होती. ‘‘तुमचा वाटा किती?’’ मी मुलीला विचारले. ‘‘बाबा, आपण लोकल आहोत. पैसे बाहेरगावच्या बँडला, पेट्रोलसाठी.’’ सर्वांनी माना डोलावल्या. बास गिटार, पेटी, व्हॅन आणि त्या व्हॅनमधले पेट्रोल ज्याने स्वखर्चाने पुरवले होते, तो इसम त्या वेळी खुर्च्यांखालचा कचरा काढण्यात गुंतला असल्यामुळे त्याचे मत कोणी विचारले नाही.