घाम न गाळता भक्ती: मे महिन्यासाठी काही सूचना

ईस्टर आटोपला, मार्झिपॅनची अंडी संपली, उपवासकाळात सोडलेलं मटण, बिअर आणि शेजाऱ्याची निंदा पुन्हा सुरू झाली, की मुंबईतल्या आपल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी कॅथलिक, पॅरिशवाल्यांपुढे वर्षातला सगळ्यात अवघड प्रश्न उभा राहतो. मे महिना तोंडावर आलाय. स्वर्ग तर हवा, पण घाम नको. पारा म्हणाल तर तेहेतीस-चौतीसच दाखवतो, आणि नागपूरचा पाहुणा त्याला हसतो. त्या पाहुण्याला कोट-टाय घालून लग्नाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, तासभर उभा करा, मग विचारा. तेव्हा ज्यांना भाविकही दिसायचंय आणि शर्टही कोरडा ठेवायचाय, अशा तुमच्यासारख्या सुज्ञ मंडळींसाठी या चार समजुतीच्या गोष्टी.

सुरुवात जागेपासून करा. आपल्या जुन्या चर्चची छतं उंच, आणि त्या छतापासून लांबलचक पाइपाला लटकलेले पंखे. एका पंख्याचा वारा फार तर चार माणसांवर पडतो, आणि ती चार माणसं वर्षानुवर्षं बदललेली नाहीत. त्यातलं कुणी देवाघरी गेलं, तर फ्युनरलच्या मिस्सालाच अंदाज घेऊन ठेवा. मात्र घरच्यांना भेटून सांत्वन केल्याशिवाय त्या जागी बसू नका, बरं दिसत नाही. पंखा नाहीच मिळाला, तर छापील शब्दाचा आधार घ्या. आपल्या धर्मप्रांताचं 'द एक्झॅमिनर' १८५० पासून निघतंय. त्यातले अग्रलेख किती जणांनी वाचले हा वेगळा विषय, पण अंक मधून दुमडला की मनगटाला त्रास न होता वारा येतो. वसईच्या 'सुवार्ता'चा जुना अंक मिळाला तर उत्तमच, पानं जास्त. पॅरिशचं बुलेटिन मात्र कामाचं नाही. एका पानाचं ते, दुसऱ्या वाचनापर्यंतच मान टाकतं.

प्रवचन लांबलंच, तर गाडीला कुणी घासलं नाही ना, हे बाहेर जाऊन बघून या. पोर्चमध्ये तुमच्यासारखेच दहा-बारा गाडीवाले काळजीत उभे असतील. त्यातल्या निम्म्यांकडे गाडी नाही, हा भाग वेगळा.

आता रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. मे महिना मरियामातेचा. वस्तीत मूर्ती घरोघर फिरते आणि रोज एका घरी रोझरी होते. पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, त्रेपन्न 'नमो मरिया', वर लिटनी, म्हणजे एकाच पालुपदाची लांबलचक विनवणी. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्यं वाढवली, तेव्हा आमच्या झोनमधल्या एका अंकलनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे रोजची रोझरी वाढली का?" नाही, ती गुरुवारी म्हणायची, बाकी माप तेवढंच, असं कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. तुम्हीही माप सांभाळा. रोझरी चालवायला नेहमी अशी मावशी निवडा, जिची 'नमो मरिया' विरार फास्टसारखी मधली सगळी स्टेशनं गाळत सुटते. एखादे निवृत्त शिक्षक पुढे सरसावत असतील, तर त्यांना प्रेमाने खुर्ची द्या, शक्यतो बाल्कनीत. शिक्षक शब्द न् शब्द उच्चारतात, आणि तोवर आतल्या खोलीतले पोटॅटो चॉप्स गार होतात.

चॉप्सवरून आठवलं. आपल्या घराची तारीख पहिल्याच आठवड्यातली मागून घ्या. तेव्हा लिंबाचं सरबत आणि बिस्किटांवर भागतं. दहा तारखेला कुणीतरी कटलेट काढतं, पंधराला सँडविच आणि वेफर्स येतात, आणि वीसनंतर ज्याच्या नशिबी घर येतं, तो बिर्याणीचा टोप सांगायला निघतो. शेवटच्या आठवड्यातली भक्ती फक्त दुबईत मुलगा असलेल्यांना झेपते.

पण सगळ्यात जपून राहायचं ते मसाल्यापासून. एप्रिल-मे हा आपल्या बाटली मसाल्याचा हंगाम. पूर्वी काय असायचं ते सांगतो, म्हणजे आपण कशातून सुटलो ते कळेल. काश्मिरी, रेशमपट्टी अशा मिरच्या आणायच्या, देठं खुडायची, अंगणात चटयांवर कडक वाळवायच्या. धणे, हळकुंड, तीळ, खसखस, मोहरी, गहू, चणाडाळ, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, तिरफळं, जिन्नस वीसच्या वर जायचे. प्रत्येक घराची यादी वेगळी, आणि ती सासूने मरेपर्यंत सुनेला पूर्ण सांगायची नाही. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. मग मसाला कुटणाऱ्या बायका यायच्या. नाकातोंडाला फडकं बांधून, लाकडी उखळाभोवती उभ्या राहून, उंच मुसळं आळीपाळीने घालायच्या. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. चुकलं तर बोटं गेली, म्हणून तोंडाने गाण्याचा ताल. अख्खं गावठाण शिंकत असायचं. शेवटी मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत भरायचा. कागदाचं नसराळं लावायचं, थोडा मसाला ओतायचा, बारीक काठीने ठासायचा, बाटली दुमडलेल्या गोणपाटावर आपटायची, पुन्हा ओतायचा. आत हवा राहिली तर मसाला खराब होतो, आणि उजेड लागला तर रंग उडतो. बाटली तपकिरी का, याचं हेच कारण. त्या बाटल्या रिकाम्या करण्याची जबाबदारी तेवढी पुरुषमंडळी वर्षभर निष्ठेने पार पाडायची.

एवढा घाम कशासाठी? तुम्ही फोनवरून पाकीट मागवा. वर 'आजीच्या हातचा, पारंपरिक' असं छापलेलं असतंच. कुणाची आजी, हे विचारायचं नाही. शिवाय वाळवणार कुठे? अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून आपणच चार गाड्यांची सोय केलीय, आणि गाडीच्या टपावर मिरच्या पसरल्या तर भाडेकरू ओरडतो. मनोरी-गोराईकडच्या कोळणींकडून सुके बोंबील आणि जवळाही असाच मागवा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा भरून ठेवावा लागतोच. फक्त डिलिव्हरी शेजारणीच्या पत्त्यावर घ्या. बोंबलाचा वास तिच्या जिन्यात राहील, आणि पावसाळ्यात तुमच्या ताटात येईल.

आता क्रूसाकडे वळू. गावठाणाच्या नाक्यावर तो असतो. पांढरा चुना, चारी बाजूंनी लोखंडी जाळी, झेंडूची माळ. बघितलाय ना? तुम्ही स्कूटर लावता, त्याच्या मागे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट जाऊ लागली, घरंच्या घरं रिकामी झाली, आणि वाड्या-गावठाणांतल्या लोकांनी नाक्यानाक्यांवर क्रूस उभारले. कुठे संत सेबॅस्टियनला साकडं घातलं, कुठे संत रॉकला. दोघंही साथीच्या रोगात धावून येणारे. त्या क्रूसांचे सण मे महिन्यात करतात. संध्याकाळी लिटनी, आणि नंतर उकडलेले चणे.

इथे वेळेचं गणित महत्त्वाचं. लिटनी सातला म्हणजे साडेसातला सुरू होते. "आमच्यासाठी विनंती कर" हे पालुपद शेवटच्या वळणावर आलं, की घरातून निघा. चणे वाटायला घेतलेले असतील. दोन हातांत दोन द्रोण घ्या, तिसरा 'आईसाठी' म्हणून मागून घ्या, आणि मिठाबद्दल तक्रार करा. पूर्वी कसे मऊ असायचे, हेही म्हणा. पूर्वी ते आदल्या रात्री भिजत घालून पहाटे उकडणारी बाई तुमच्याच घरातली होती, आणि आता केटरर आहे, हे आठवलं तरी बोलू नका. जाळीला हेल्मेट अडकवलं असेल तर तेवढं काढून घ्या, फोटोत येतं.

आणि क्रूस जाग्यावर उभा असेपर्यंत त्याची फार काळजी करू नका. २०१७च्या एप्रिलमध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरचा जुना क्रूस पालिकेने पाडला, तेव्हा कशी सगळ्यांना जाग आली! मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या, पेपरात फोटो आले. क्रूस पडल्यावर जी श्रद्धा दिसते, ती उभ्या क्रूसापुढे दाखवायला लागलो, तर दर वर्षी मेच्या उकाड्यात नाक्यावर अर्धा तास उभं राहावं लागेल. परवडणार आहे का?

लग्नांबद्दल काय सांगावं. उपवासकाळात लग्नं होत नाहीत, त्यामुळे सगळी वऱ्हाडं ईस्टरनंतर एकदम सुटतात. हॉल नाही, बॅण्ड नाही, इंदियालला, म्हणजे लग्नातल्या झणझणीत रश्श्याला, डुक्कर नाही. तुम्ही थ्री-पीसच शिवा. उकाड्याला घाबरून साधा सदरा घातला, तर मुलीकडचे म्हणतील परिस्थिती बेताची. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी, म्हणजे विहिरीवरून पाणी आणायचा विधी, असतो, तेव्हा बायकांनी लुगडी नेसावीत, नेसवणारी मिळाली तर. नाहीतर हल्ली शिवलेलं लुगडं मिळतं, स्कर्टसारखं चढवायचं, चेन ओढायची. मग वाजतगाजत विहिरीकडे जायचं. विहिरीवर जाळी आहे आणि आत मोटर आहे, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी जायचं. जाळीभोवती नाचून झालं की कुणीतरी सोसायटीच्या नळाखाली कळशी धरतं, आणि व्हिडिओवाला तेवढाच भाग गाळतो. मी पाहिलेल्या एका लग्नात नळालाही पाणी नव्हतं. नवऱ्याच्या मामांनी बिसलेरीची वीस लिटरची बाटली कळशीत ओतली, आणि बॅण्डवाल्यांनी एक ठोकाही चुकवला नाही. पाणी पाण्याच्या जागी, परंपरा परंपरेच्या जागी.

मुलांचं सोपं आहे. धर्मशिक्षणाचे वर्ग मार्चमध्येच सुटलेले, गावी जायला तिकीट नाही, तेव्हा पॅरिशच्या उन्हाळी शिबिरात नाव घाला. तुम्हाला दुपारची झोप मिळते, पोराला बायबल मिळतं. तिथे कॉलेजची पोरं-पोरी तीन-चार दिवस घसा कोरडा करतात, आणि शेवटच्या संध्याकाळी नाटुकलं होतं. नोहाचं तारू हमखास. फ्रिजचे खोके जोडून तारू बनतं, पोरं प्राणी बनतात, आणि सगळ्यांनाच सिंह व्हायचं असतं. त्यामुळे आपल्याकडच्या तारवात अकरा सिंह आणि एक रडणारं कासव असतं. पाणीकपात असल्याने प्रलय पिचकारीवर भागवतात. तुम्ही आपल्या सिंहाचं शूटिंग घ्या आणि निघा. खुर्च्या उचलायला थांबू नका, ते काम त्याच चार पोरांचं आहे. पुढे त्यांच्याबद्दलच "आजकालची तरुण पिढी चर्चकडे फिरकत नाही" असं बोलायचंय, हे लक्षात असू द्या.

मेच्या अखेरीस बदल्यांची यादी लागते, आणि आपले फादर जूनमध्ये दुसऱ्या पॅरिशला निघतात. आता रडायचं. ज्यांनी त्यांच्याविरुद्ध बिशपांना पत्रं लिहिली, त्यांनी पहिल्या रांगेत बसून रडायचं. शाल द्या, फ्रेम द्या, 'तुमच्यासारखे फादर होणे नाही' असं भाषण करा. मराठी मिस्सा त्यांनीच सकाळी सव्वासहाला नेऊन ठेवली, आणि सातच म्हाताऱ्या उरल्यावर "प्रतिसाद नाही" म्हणाले, हा विषय त्या दिवशी नको. तसाही तुमच्या पोरांना 'आमच्या स्वर्गातील बापा' इंग्रजीतूनच येतो.

नवे फादर मात्र जपून हाताळा. नवा माणूस उत्साही असतो. कधी कधी तर मराठी बोलतो. आल्या-आल्या तो विचारेल, गावठाणात किती घरं, म्हातारे कोण, आजारी कोण, चला, घरोघर जाऊन भेटून येऊ. अशा वेळी गडबडून जायचं नाही. ऑफिसातला एसी अठरावर आणा, कोकम सरबत मागवा, खुर्ची पुढे सरकवा. "फादर, आता कुठे उन्हात," म्हणा. जून उजाडला असेल तर "आता पाऊस लागेल फादर, गल्लीत पाणी भरतं" म्हणा. पाऊस संपल्यावर, एकदम ऑक्टोबरात काढू, असं ठरवून डायरीत लिहूनसुद्धा घ्या, त्यांना बरं वाटतं. ऑक्टोबरात पुन्हा ऊन आहेच.