यालित्झाला नुसतं ‘नशीबवान’ म्हणू नका

यालित्झा आपारिसिओ म्हटलं की एकच गोष्ट सांगितली जाते. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या त्लाहिआकोची, बालवाडीची शिक्षिका होण्यासाठी शिकलेली मुलगी ‘रोमा’ या चित्रपटाच्या ऑडिशनला गेली आणि ऑस्करपर्यंत पोचली. नशीब होतंच. ऑडिशन बहिणीला द्यायची होती, ती गरोदर होती म्हणून ही उभी राहिली. पण पुढचं सगळं मेहनतीचं आहे.

वडील मिश्तेक, आई त्रिकी, म्हणजे दोघंही मूळनिवासी जमातींतले, तरी तिला मिश्तेक भाषा बोलता येत नव्हती. हिणवलं जाईल या भीतीनं आईबापच मुलांना भाषा देत नाहीत, हे तिकडे सर्रास घडतं. ‘रोमा’तले संवाद ती मैत्रिणीकडून, नान्सी गार्सियाकडून शिकली. पूर्ण पटकथा हातात नव्हती, चित्रीकरण कथेच्या क्रमानं चाललं होतं. बाळंतपणाच्या प्रसंगात मूल मृत निघणार हे तिला ठाऊक नव्हतं. २०१९ साली तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. अमेरिका खंडातल्या मूळनिवासी स्त्रीसाठी ते पहिलंच.

चित्रपटात ती घरकामगार आहे. त्यात एक साधा प्रसंग आहे. रात्री दोघी कामवाल्या आपल्या खोलीतला दिवा बंद करून मेणबत्तीच्या उजेडात व्यायाम करतात, कारण वीज जळलेली मालकिणीला आवडत नाही. यालित्झाची आईही घरकाम करायची. म्हणून घरकामगारांच्या हक्कांबद्दल ती बोलते तेव्हा ते उसनं वाटत नाही. त्याच वर्षी ती युनेस्कोची मूळनिवासींसाठीची सदिच्छा दूत झाली.

आता कायद्याचं बघा, कारण खरी गोम तिथे आहे. घरकामगारांना सक्तीच्या सामाजिक विम्यातून वगळणं घटनाबाह्य आहे, असं मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये ठरवलं. २०१९ च्या दुरुस्तीनं लेखी करार, आठवड्याला दीड दिवस सुट्टी आणि मालकाच्या घरी राहणाऱ्यांना रात्री सलग ९ तास विश्रांती बंधनकारक केली. गणवेश हवा असेल तर खर्च मालकाचा. विम्याची योजना मात्र सुरुवातीला ऐच्छिक होती आणि नोंदणीचा भार कामगारावरच होता. चार घरी काम करणाऱ्या बाईनं चारही मालकांकडे पैसे मागत फिरायचं! ते चालणार कसं? पुढे ती जबाबदारी मालकावर टाकली आणि २०२२ च्या दुरुस्तीनं नोंदणी सक्तीची झाली. तरी कामाची जागा म्हणजे कुणाचं तरी खाजगी घर, तिथे तपासणी अवघडच.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांसाठीचा करार क्रमांक १८९ मेक्सिकोनं २०२० मध्ये मान्य केला. भारतानं अजून केलेला नाही. महाराष्ट्रात २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळही आहे, पण घरमालकानं बाईशी लेखी करार केलाच पाहिजे असं त्यात कुठेही नाही.