गाजर-भोपळ्याचा तो मेसेज आणि माझी ताई

काल परत तोच मेसेज आला, "केशरी भाज्या खा, ब्रेस्ट कॅन्सर पळवा", खाली गाजर आणि भोपळ्याचा फोटो. पाठवणारीने काळजीनेच पाठवलाय हे मला माहितीये, पण वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. कारण माझ्या ताईला स्तनात गाठ जाणवली तेव्हा ती तीन महिने कोणाला काही बोलली नव्हती. का, तर "अगं मी इतकं नीट खाते, मला कसलं काय होतंय." हे तिचेच शब्द. गाजर, भोपळा, रताळं, तिच्या खाण्यात हे कायम असायचं, आणि त्याच भरवशावर तिने तीन महिने घालवले.

म्हणून त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचत गेले. पहिलं सांगते, त्या मेसेजमध्ये तथ्य आहे. अमेरिकेत हजारो नर्सेसना १९८० पासून आणि दुसऱ्या गटाला १९९१ पासून दर चार वर्षांनी काय खाता ते विचारत गेले, दोन्ही मिळून जवळपास १ लाख ८२ हजार बायका, त्यातल्या सुमारे ११ हजार जणींना पुढे ब्रेस्ट कॅन्सर झाला. ज्या रोज साडेपाचपेक्षा जास्त सर्व्हिंग (एका वेळी वाढतो तेवढा भाग) फळं-भाज्या खायच्या त्यांच्यात, अडीच किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांपेक्षा धोका ११ टक्क्यांनी कमी दिसला. आणि त्यातही पिवळ्या-केशरी भाज्या आणि कोबी-ब्रोकोलीच्या कुळातल्या भाज्या यांचा संबंध जास्त ठळक होता.

आता हे ११ टक्के म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण इथेच गडबड होते. कमी भाज्या खाणाऱ्या एखाद्या गटात १०० जणींना आजार होणार असेल तर तेवढ्याच मोठ्या, भाज्या भरपूर खाणाऱ्या गटात ८९ जणींना होईल. या ८९ जणींनीही भाज्या खाल्लेल्याच असतात ना! माझी ताई त्यांच्यातली एक. शिवाय हे निरीक्षण आहे, भरपूर भाज्या खाणाऱ्या बायका बहुतेकदा व्यायामही करतात, दारू कमी पितात, वजन सांभाळतात, तर हा सगळा फरक भाजीमुळेच पडला असं छातीठोकपणे सांगता येत नाही. संशोधक हिशोबात या गोष्टी वेगळ्या काढायचा प्रयत्न करतात, तरी थोडं उरतंच.

पण मला यातलं जे खरंच महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच आहे. या भाज्यांना रंग येतो तो कॅरोटिनॉइड्समुळे, गाजरातलं बीटा-कॅरोटीन त्यातलं सगळ्यात ओळखीचं, शरीर त्याचं व्हिटॅमिन ए बनवतं आणि पेशींची वाढ नीट व्हायला ते लागतं. (हिरव्या पालेभाज्यांमध्येही ते भरपूर असतं बरं का, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं.) २०१२ साली ८ अभ्यास एकत्र करून बायकांच्या रक्तातलं कॅरोटिनॉइड्सचं प्रमाण बघितलं, तेव्हा ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांच्यात धोका कमी निघाला, आणि तो फरक इस्ट्रोजेन रिसेप्टर निगेटिव्ह प्रकारात जास्त दिसला. हा तो प्रकार ज्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, म्हणजे उपचारांचा एक मोठा रस्ता बंद असतो. मला तरी इथे आशा वाटते. शिजवलेल्या गाजरातून आणि थोड्या तेला-तुपासोबत हे शरीरात जास्त शोषलं जातं, तेव्हा नुसतं कच्चंच खाल्लं पाहिजे असं काही नाही.

आणि प्लीज, हे वाचून कोणी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या आणायला धावू नका! फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली होती, १९९४ मध्ये निकाल आला, रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. कमी नाही, वाढला. अमेरिकेतली तशीच एक ट्रायल १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली. गाजर खाणं वेगळं आणि त्यातला एक पदार्थ काढून त्याचा डोस गिळणं वेगळं.

अजून एक, आणि हे लिहिताना मला आजही राग येतो. ताईला भेटायला आलेल्या एकीने तिच्या तोंडावर विचारलं, "खाण्यापिण्यात काही कमी पडलं का गं?" ताई त्या रात्री झोपली नाही. अहो, ब्रेस्ट कॅन्सर होणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या जणींमध्ये, बाई असणं आणि वय, याशिवाय कुठलंच ठरावीक कारण सापडत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. उपचारानंतर भाज्या वाढवून कॅन्सर परत यायचा थांबतो का हेही ३ हजारांवर बायकांवर तपासून झालंय, २००७ मध्ये निकाल आला, सात वर्षांत भाज्या वाढवलेल्या आणि बाकीच्या बायकांत फरक दिसला नाही. मी ताईला हे सांगितलं तेव्हा ती रडली आणि म्हणाली, म्हणजे मी काही चुकले नाही ना. चुकायचा प्रश्नच नव्हता गं.

त्या मेसेजला मी शेवटी उत्तर लिहिलं. भाज्या नक्की खा, मीही खाते, पण गाठ, निप्पलमधून रक्त, कातडीला खळगा, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, दुखत नसलं तरी जा. आणि तुझ्या वयाला मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) कधी करायची ते विचारून घे.

पाच मिनिटांत तिचा फोन आला. बाकी काही नाही, मॅमोग्राफीत दुखतं का एवढंच विचारलं तिने. मी म्हटलं, दाबलं जातं, काही सेकंद, तेवढं सहन होतं. मी येते सोबत.