कामाशिवाय सोलापूर

पुण्याहून नान्नजजवळच्या आमच्या गावी राहायला येऊन वर्ष होत आलं. या वर्षभरात सोलापूरला पंधरा-वीस वेळा तरी गेले असेन. पंपाचा पार्ट, द्राक्षाची औषधं, आत्यांचा डोळ्यांचा दवाखाना, कुठलातरी दाखला. दर वेळी एसटी स्टँड, काम, परत एसटी स्टँड. आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बेचाळीस वर्षं इथं नांदतायत. शहर वीस-पंचवीस किलोमीटरवर, पण भुईकोट किल्ल्यात त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. सिद्धेश्वराचं दर्शन, संक्रांतीतली त्याची गड्ड्याची जत्रा आणि दवाखाना, एवढंच त्यांचं सोलापूर.

म्हणून गेल्या बुधवारी काहीही काम न काढता आम्ही दोघी सकाळच्या एसटीने निघालो. "काम न्हाई तर कशाला जायचं, पोरी?" हे त्या गाडी सुटेपर्यंत विचारत होत्या. त्या प्रश्नामुळेच हे सगळं लिहावंसं वाटलं.

आधी किल्ला. आत बाग आहे, बत्तीस खांबी इमारत आहे, उत्खननात सापडलेले कपिलसिद्ध मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष आहेत. पण आत्या थांबल्या त्या तळ्याच्या बाजूला. खाली पाणी, पाण्यात सिद्धेश्वराचं देऊळ. जन्मभर देवळातून किल्ल्याकडे बघत आलेली बाई त्या दिवशी पहिल्यांदा किल्ल्यातून देवळाकडे बघत होती. त्यांनी तिथूनच हात जोडले आणि मग कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. हे तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी, म्हणजेच या सिद्धेश्वरांनी, खोदवून घेतलं. आमच्यासारख्या पावसाची वाट बघणाऱ्या मुलखात तळं खोदणाऱ्याला लोकांनी ग्रामदैवत मानलं, यात मला काहीच नवल वाटत नाही. त्यांची वचनं कन्नडमधली. संक्रांतीला सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात तेव्हा मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सगळे एकाच सुरात "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणतात.

तिथून चार पुतळ्यांपाशी आलो. आत्यांना हे रिक्षावाल्याला सांगायचं ठिकाण म्हणून माहीत होतं. मी नावं वाचून दाखवली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, इंग्रज अधिकारी शहर सोडून गेले आणि ९ ते ११ मे असे तीन दिवस या गावावर इंग्रजांचा अंमलच नव्हता. मग मार्शल लॉ आला. या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. आत्यांनी विचारलं, "ल्हान हुती का ही पोरं?" मला गलबलून आलं. हे आपण आपल्या मुलांना इथं आणून, याच चौकात उभं करून का सांगत नाही? सहलीची गाडी महाबळेश्वरलाच का जायला हवी?

डॉ. कोटणीसांच्या स्मारकात जायचं होतं, ते राहिलं. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये गेलेला हा माणूस जन्माने सोलापूरचा. पुढच्या खेपेला नक्की.

नवी पेठेत एक गोष्ट फार खटकली. दिवसभर फिरणाऱ्या बाईला धड स्वच्छतागृह सापडत नाही. खेड्यातून आलेल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे मी एसटीत दर खेपेला बघते. शहर बघायला या म्हणायचं असेल तर आधी हे करा.

जेवायला कडक भाकरी, दही, शेंगा चटणी. आत्यांनी चटणी चिमटीत दाबून बघितली. गोळा झाला, बोटाला तेल लागलं. "उखळातली हाय," म्हणाल्या. मिक्सरमधली भुसभुशीत राहते, कांडलेलीच अशी धरते. अर्धा किलो घेतली.

आणि मग पूर्व भाग. एका ओळखीच्यांनी त्यांचा चादरीचा कारखाना दाखवला. आत खडखडाट इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. माग चालू होता, वर जेकार्डवर, म्हणजे नक्षी पाडणाऱ्या यंत्रावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक पुठ्ठा पुढे सरकत होती. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, मधून आडवा दोरा घेऊन धोटा जातो. फूल असं ओळीओळीने तयार होतं. कोपऱ्यात धोट्यातल्या दोऱ्याच्या कांड्या भरणाऱ्या मावशींनी आत्यांना हाक मारली, "काय बघूलालाव?" आत्या म्हणाल्या, "लग्नात आलेली चादर अजून हाय माझ्याकडं, कशी करतेत ते बघाया आले." मावशी घरी तेलुगू बोलतात, आत्या गावाकडची मराठी. त्या दोघींनी एकमेकींना हातातल्या कामाबद्दल एवढं विचारलं की मला मध्ये बोलायला जागाच उरली नाही.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच चादरीला लावता येतं. तरी सोलापुरी म्हणून दुसरीकडच्या हलक्या चादरी सर्रास विकल्या जातात, आणि आपणही शंभर रुपये वाचतात म्हणून त्या घेतो. त्या शंभर रुपयांत इथल्या मागावरच्या माणसाची रोजी आहे. आपण तर उशाशी राहतो. आपण तरी इथून, मागावरून उतरलेली घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

घरी आल्यावर आत्यांनी ट्रंकेतली जुनी चादर काढली आणि कारखान्यातून आणलेल्या नव्या चादरीशेजारी पसरली. जुनीचे काठ विरलेत, मधलं फूल मात्र तसंच. मग दोन्ही उलटवल्या. वर लाल तिथं खाली पांढरं, वर पांढरं तिथं खाली लाल. "ह्ये मला बेचाळीस वर्षांत दिसलं न्हवतं," म्हणाल्या, आणि गड्ड्याला शेजारच्या दोघींना घेऊन एक दिवस आधीच जायचं, किल्ला दाखवायचा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.