खुलासा : सिम भुल्लर ‘पूर्ण हंगाम’ खेळला नव्हता

पंजाबात जन्मलेला सिम भुल्लर एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये सॅक्रामेंटो किंग्ज संघाकडून पूर्ण हंगाम खेळला, असा संदेश वाशी-नेरुळच्या बास्केटबॉल खेळाडूंच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. भुल्लरचा जन्म टोरांटोचा. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू हा मान मात्र निर्विवाद त्याचाच. किंग्जने त्याला एप्रिल २०१५ मध्ये दहा दिवसांच्या करारावर घेतले आणि तीन सामन्यांत मिळून तो जेमतेम तीन मिनिटे खेळला, पदार्पणात तर अवघे १६ सेकंद. एकूण गुण दोन. पंजाबात जन्मलेला बास्केटबॉलपटू म्हणजे सतनामसिंग भामरा. दोघेही सात फुटांहून उंच आणि दोघांचे नाव एनबीएशी जोडले गेले ते वर्षही एकच, त्यामुळे गल्लत समजण्यासारखी आहे. परंतु जून २०१५ मध्ये एनबीएच्या वार्षिक खेळाडू निवडीत (ड्राफ्ट) डॅलस संघाने ५२व्या क्रमांकावर निवडूनही सतनामच्या वाट्याला एनबीएचा एकही नियमित सामना आला नाही.