न गाता बसलेला घसा

दौऱ्यावर निघालेल्या गायकाला सगळे एकच सल्ला देतात: जास्त गाऊ नकोस, घसा सांभाळ. सल्ला देणारे कधी दौऱ्यावर गेलेले नसतात. स्वतःची गाणी लिहून, गिटार पाठीला लावून गावोगाव हिंडणारा माणूस संध्याकाळी फार तर दीड तास गातो. त्यातलाही बराच वेळ तारा जुळवण्यात आणि हे गाणं कशावरून सुचलं ते सांगण्यात जातो. उरलेले साडेबावीस तास तो हमाल असतो, ड्रायव्हर असतो, वायरमन असतो. आणि माझं ठाम मत आहे की जे काही बिघडायचं ते याच साडेबावीस तासांत बिघडतं.

घशाचंच घ्या. गाडी चालू, खिडकी उघडी, इंजिनाची घरघर, आणि शेजारच्याला जगातल्या प्रत्येक विषयावर मत. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्याचं त्यालाही कळत नाही. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली हे मांडलं, म्हणून त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. चार तास अशा गप्पा मारून उतरलेला गायक एक मैफल गाडीतच गाऊन मोकळा झालेला असतो, तीही फुकट. विमानात इंजिनं आहेतच, वर हवेतला दमटपणा बहुतेक वेळा २० टक्क्यांच्याही खाली.

मग पाण्याच्या बाटल्या रिचवणं सुरू होतं. पण प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही. ते अन्ननलिकेतून जातं आणि स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी. तिथे थेंब पोचलाच तर ठसका लागतो. पाणी रक्तात जाऊन फिरून यायला वेळ लागतो, म्हणून सकाळपासून घोट घोट प्यावं. स्टेजवर चढताना गटागटा प्यायलेलं पाणी आपला परिणाम दाखवतं तिसऱ्या गाण्यात, आणि तो घशात नसतो.

गिटारीचं दुखणं याहून नाजूक. साधारण १२ ते ५३ मापाच्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) सहा पोलादी तारा सुरात आणल्या की मिळून सुमारे ७० किलोंची ओढ असते. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस ब्रिजला, म्हणजे तारा अडकवायच्या फळीवरच्या पट्टीला, लोंबकळतोय असं समजा. उन्हात बंद गाडीत गिटार ठेवून आपण जेवायला जातो. आत तापमान ६० अंशांकडे सरकतं, सरस मऊ पडतो, आणि हा ७० किलोंचा गृहस्थ ब्रिज मागच्या बाजूने उचकटायला घेतो. म्हणून जेवायला गिटारही सोबत येते. तिला खुर्ची लागते. वेटर तिच्यापुढेही मेनूकार्ड ठेवतो.

लाकडाला ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, वरची फळी खाली बसते, तारा पडद्यांना, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, घासून चरचरतात आणि पडद्यांची टोकं बाहेर येऊन तळहाताला टोचतात. दमट हवेत फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात, आणि सगळ्या तारा एका बोटाने दाबायचे कॉर्ड धरताना दातओठ खावे लागतात. श्रोत्यांना वाटतं, काय भावना आहेत! थंडीतून आणलेली गिटार अर्धा-पाऊण तास केसमध्येच राहू द्यावी, लगेच उघडू नये. सूर मिळवायचा तो स्टेजचे दिवे लागल्यावर. उष्णतेने तार पसरते आणि सूर उतरतो. अंधारात केलेली मेहनत पहिल्या गाण्यातच वाया जाते. नव्या तारा आदल्या संध्याकाळी चढवाव्यात. खुंटीवर दोन-तीन वेढे द्यावेत, प्रत्येक तार बोटाने हलकेच वर ओढावी, पुन्हा सुरात आणावी, आणि ती उतरायची थांबेपर्यंत हेच करत राहावं.

आता बॅटरी. पिकअप, म्हणजे तारांचा आवाज स्पीकरपर्यंत पाठवायची सोय, बसवलेल्या गिटारीत बहुधा एक ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. तिला वेगळं बटण नसतं. केबलचा जॅक खोचला की ती सुरू, काढला की बंद. साउंडचेक संपतो, गिटार स्टँडवर, केबल तशीच, गायक चहाला. गिटार शांत उभी राहून बॅटरी खात असते. ती एकदम मरतही नाही. आधी आवाज पातळ होतो, मग जोरात छेडलेली तार फाटकी वाजते. आपण साउंडवाल्याकडे रागाने बघतो, तो आपल्याकडे बघतो, आणि बरोबर तोच असतो.

तसं साउंडवाल्याशी जमवून घेणं हे अर्ध गाणं आहे. ‘मला माझाच आवाज ऐकू येत नाही, वाढवा’ असं तीनदा म्हटलं की मॉनिटरमधला, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमधला, आवाज गिटारीच्या पोकळ पोटात शिरतो आणि १०० ते २०० हर्ट्झच्या आसपास घुमायला लागतो. त्यावर भोकाला लावायची रबरी चकती मिळते; दिसते भिकार, पण काम करते. माईक गोल मुठीत धरला की तो मागच्या बाजूचाही आवाज घेतो आणि शिट्टी मारतो. माईक बिचारा निर्दोष असतो. सतत गुणगुण येत असेल तर डीआय बॉक्सवरची (गिटारीची केबल साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्टची, म्हणजे सिग्नलची ग्राउंड जोडणी तोडणारी, छोटी कळ सरकवून पाहावी, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. काही जाणकार प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकायला सांगतात. त्याने गुणगुण थांबते, आणि एखाद्या वेळी गायकही.

कार्यक्रम संपला की घशाची दुसरी फेरी. विक्रीच्या टेबलामागे उभं राहून, स्पीकरवर लावलेल्या संगीताच्या वरताण ‘हो हो, ते गाणं माझंच’ असं ओरडायचं. तोवर मागे कुणीतरी मदत म्हणून आपली केबल कोपर आणि अंगठ्याभोवती घट्ट गुंडाळतं. आतल्या तारेला पीळ बसतो आणि एक दिवस ती जॅकपाशी तुटते, तीही स्टेजवरच. केबल एक वेढा सरळ, एक उलटा अशी सैल गुंडाळायची असते. हे समजावून सांगायला घसा उरलेला नसतो, म्हणून मी ती हातातून काढून घेतो आणि माणसं दुखावतो. दोन्ही टोकांना रंगीत टेप मात्र लावावी. पिवळी नको, पिवळी सगळेच लावतात.