एक स्टारवाल्या रिव्ह्यूला स्टुडिओकडून उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. मे २०१९ च्या लग्नाचा व्हिडिओ आणि फोटो परत हवे होते म्हणून गणपतीत गावी आलात तेव्हा तीन हेलपाटे घातलेत, पहिल्यांदा दुकानातला पोरगा म्हणाला डिस्क शोधतोय, दुसऱ्यांदा म्हणाला तुमचा पेनड्राइव्ह खराब आहे, तिसऱ्यांदा मिळालं तर त्यात हळदीचे निम्मे फोटो नाहीत, वर ५०० रुपये घेतले. आणि शेवटी लिहिलंय की फाइल्स डिलीट करून टाकल्यात, खोटं बोलतात, चाकरमानी बघून लुटतात. हे शेवटचं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे.

मुद्दाम डिलीट काहीच केलेलं नाही. भानगड अशी की आमच्याकडे १७ हार्डडिस्क आहेत, पेनड्राइव्ह तर फरसाणाच्या डब्यात भरलेत, मोजलेलेच नाहीत, आणि कुठल्या डिस्कवर कोणाचं लग्न हे एका वहीत लिहिलेलं असायचं. डिस्कवर नुसता नंबर, त्या नंबराचा अर्थ वहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पुराने काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. डिस्कांचा डबा पोटमाळ्यावर होता म्हणून वाचला, वही काउंटरच्या ड्रॉवरमध्ये. लाइट आल्यावर फॅनखाली एकेक पान सुटं करून वाळवली तर २०१८ पर्यंतचं बॉलपेनचं अक्षर जसंच्या तसं, आणि त्यानंतर मी हौसेने जेलपेन घेतलेलं ते सगळं निळं पाणी. तुमचं लग्न त्या निळ्या पाण्यात.

मग वही नव्याने करायला हवी होती, केली नाही, हा माझा आळस, दुसऱ्या कोणाचा नाही. पोराने मध्ये एक्सेलमध्ये यादी केली होती, त्यात काय लिहिलेलं तर 'मे २०१९ लग्नं, ई ड्राइव्ह'. आता ई हे काय त्या डिस्कचं बारशातलं नाव आहे का, कॉम्प्युटर मोकळं असेल ते अक्षर देतो, दुसरं काही आधीच लावलेलं असलं की तीच डिस्क एफ. आणि विंडोजचा सर्च लावलेल्या डिस्कमध्ये शोधतो, कपाटात पडलेल्या डिस्कमध्ये कसा शोधेल, म्हणून पोरगा एकेक डिस्क लावून 'न्यू फोल्डर ३' च्या आत 'न्यू फोल्डर' उघडत बसलेला, ऐन गणपतीच्या गर्दीत.

पेनड्राइव्हचं मात्र पोराचं साफ चुकलं, तुमचा पेनड्राइव्ह चांगला आहे. तो फॅट३२ मध्ये (फाइल्स साठवायची जुनी पद्धत) फॉरमॅट केलेला होता आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जातच नाही, मग पेनड्राइव्ह ३२ जीबीचा रिकामा का असेना. तुमचा मुख्य व्हिडिओ त्याहून मोठा. एक्सफॅट (मोठ्या फाइल्स चालणारी पद्धत) करून दिला असता तर पाच मिनिटांचं काम होतं, फक्त आतलं सगळं पुसलं जातं म्हणून आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. तेवढं न विचारता 'खराब आहे' म्हणून परत पाठवलं. त्याला मी बोललोय.

हळदीचं कोडं सुटायला आठवडा लागला. हळदीला आमचे दोन कॅमेरे होते, एकाच कंपनीचे, दोन्हीतल्या फोटोंची नावं डीएससी आणि पुढे चार आकडी नंबर, आणि ९९९९ झाले की परत ०००१. दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली, नंबर सारखे आले, विंडोजने विचारलं रिप्लेस करू का, आणि कोणीतरी (बहुतेक मीच) हो म्हटलं. एका कॅमेऱ्याचे फोटो दुसऱ्याच्या खाली गेले. नशीब की पहिल्या कार्डाची एक कॉपी त्या फरसाणाच्या डब्यातल्या पेनड्राइव्हवर निघाली, १३८ फोटो, त्यात तुमच्या आजी मुसळाला हळद लावतायत तोही आहे.

आता डिस्कला नाव दिलंय आणि तेच नाव वर मार्करने लिहिलंय. फोल्डरचं नाव आधी वर्ष, मग महिना, तारीख, आडनाव, गाव, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. आणि प्रत्येक डिस्क एकदा लावून तिच्यातल्या सगळ्या फाइल्सची यादी काढून ठेवली, त्यासाठी कॅटलॉगची सॉफ्टवेअर मिळतात पण आम्ही विंडोजमधलीच फाइल्सची यादी दाखवणारी साधी डीआयआर कमांड वापरली, एका ओळीत एक फाइल, पत्त्यासकट, टेक्स्ट फाइलमध्ये. डिस्क कपाटात असली तरी आडनाव टाकलं की कळतं कुठली काढायची. यादी म्हणजे बॅकअप नव्हे हेही कळतंय, त्याचं काम चालू आहे, ११ डिस्कांची दुसरी कॉपी झालीय. यादी मात्र माझ्या मोबाइलमध्ये आणि गुगल ड्राइव्हवर पण आहे, पोटमाळ्याच्या भरवशावर नाही.

चाकरमानी बघून लुटतात हे मात्र पटलं नाही ताई, जुनं काढून द्यायचे ५०० इथल्यांकडूनही घेतो, विचारा कोणालाही. तुमचे तरी परत देतोय, कारण तीन हेलपाट्यांचं रिक्षाभाडंच तेवढं झालं असेल.

हळदीचे फोटो आणि पूर्ण व्हिडिओ नवीन पेनड्राइव्हवर घालून पाकीट काउंटरला ठेवलंय, पैसे त्यातच आहेत. गावाकडचं कोणीही आलं तरी देऊ, फक्त आधी तुम्ही एक फोन करून नाव सांगा. दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं, तेवढी वेळ टाळा.